बलकात उतरलेला पाला

कणकवलीजवळच्या एका वाडीत माझ्या मावशीचं घर आहे. परसात आठ-दहा कोंबड्या कायमच्या. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे अंड्याची पोळी खाल्ली, की तिचा रंग फिकट, लिंबाच्या सालीसारखा असायचा. आषाढात लावणीच्या दिवसांत गेलं, की त्याच परसातल्या, बहुधा त्याच कोंबडीच्या अंड्याची पोळी केशरीकडे झुकलेली. मावशीला एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "पावसात बरा चराक गावता गो तेंका." एवढं बोलून ती खुराड्याचं दार लावायला गेली.

पुढे मी स्वतः घरामागे कोंबड्या पाळायला लागले, त्यांच्या खाण्याबद्दल मिळेल ते वाचलं, पशुवैद्यकांना विचारलं, आणि मावशीच्या त्या वाक्यात किती तथ्य होतं ते कळत गेलं. शहरात 'गावठी' म्हणून तपकिरी अंडी जास्त दराने विकली जातात. घेणारा कवचाचा रंग बघतो, विकणारा गावाचं नाव सांगतो. अंड्याचा कस मात्र या दोन्हींवरून कळत नाही. कोंबडीने गेल्या पंधरवड्यात काय खाल्लं, त्यावर तो बराचसा ठरतो. बराचसा म्हणते, सगळा नाही. कारण अंड्यातल्या काही गोष्टी खाद्याप्रमाणे बदलतात आणि काही कितीही खाऊ घातलं तरी बदलत नाहीत. परसात कोंबड्या पाळणाऱ्याला हा फरक कळला, तर पैसे वाचतात आणि कोंबडीचे हालही.

सुरुवात रंगापासून. बलकाचा पिवळा रंग कोंबडीला स्वतःला तयार करता येत नाही, तो वनस्पतींकडून घ्यावा लागतो. हिरव्या पानांत, पिवळ्या मक्यात, झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटीन आणि झियाझँथिन ही रंगद्रव्यं असतात. ती चरबीत विरघळणारी असल्यामुळे आतड्यातून रक्तात आणि रक्तातून बलकाच्या चरबीत जाऊन बसतात. तांदळाच्या कणीत ती जवळजवळ नसतातच, ज्वारी-बाजरीत अगदी थोडी. उन्हाळ्यात कोकणातलं परस करपलेलं असतं, कोंबडीच्या वाट्याला कणी, कोंडा आणि शिळा भात येतो, म्हणून बलक फिका. मिरगाचा पाऊस पडून कुंपणाच्या कडेला माठ, कुरडू आणि गवताचे कोवळे कोंब वर आले, की बलक रंगायला लागतो.

लागतो, पण लगेच नाही. कोंबडीच्या अंडाशयात एकाच वेळी लहानमोठे बलक वाढत असतात, द्राक्षाच्या घडासारखे. अंड्यावरची कोंबडी कापताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा घड ओळखीचा असेल. यातला प्रत्येक बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत झपाट्याने मोठा होतो आणि त्याच्यावर रोज नवा थर चढत जातो. हे सिद्ध करायला जुन्या संशोधकांनी सोपी युक्ती केली होती. त्यांनी कोंबडीला चरबीत विरघळणारा लाल रंग एखाददुसऱ्या दिवशी खाऊ घातला. पुढच्या दिवसांतली अंडी उकडून कापली, तर बलकात झाडाच्या खोडासारखं लाल वलय दिसलं. आज तुम्ही फोडलेल्या अंड्यात कोंबडीच्या कालच्या जेवणाबरोबर गेल्या आठवड्याचंही जेवण थरांनी साठलेलं असतं. म्हणून खाद्य बदललं, की दोन आठवडे धीर धरायचा. चौथ्या दिवशी "पाला घालून काही उपयोग झाला नाही" असं म्हणणाऱ्यांनी फक्त थांबायला हवं असतं.

दसऱ्यानंतर घरोघरी झेंडूचे हार सुकून पडलेले असतात. बाजारच्या झेंडूवर औषध फवारलेलं असण्याची शक्यता असते, म्हणून ते हार कोंबड्यांना घालू नयेत. पण स्वतःच्या कुंडीतला, न फवारलेला झेंडू असेल, तर त्याच्या पाकळ्या वाळवून दाण्यात रोज चिमूटभर मिसळून पाहा. रंगातला बदल डोळ्यांना सहज कळतो. मोठे अंडीउत्पादकही तेच करतात. झेंडूचा अर्क हा पशुखाद्याच्या धंद्यातला नेहमीचा माल आहे, आणि बलकाचा रंग मोजण्यासाठी क्रमांक घातलेल्या पट्ट्यांचा, पंख्यासारखा उघडणारा रंगतक्ता वापरतात. गिऱ्हाइकाला कोणत्या क्रमांकाचा बलक आवडतो हे ठरवून त्याप्रमाणे खाद्यात रंगद्रव्य घालता येतं. पिंजऱ्यातल्या, आयुष्यात हिरवं पान न पाहिलेल्या कोंबडीच्या अंड्यातही केशरी बलक मिळू शकतो तो असा.

म्हणून गडद बलक म्हणजे पौष्टिक अंडं, हे समीकरण मला मान्य नाही. ल्युटीन आपल्या डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी आहे, तेवढा फायदा खरा. पण अ जीवनसत्त्व रंगहीन असतं. हिरव्या पाल्यातल्या बीटा कॅरोटिनचं कोंबडी बहुतांशी अ जीवनसत्त्व करून टाकते, त्यामुळे ते बलकात असूनही दिसत नाही. फिकट बलकात ते भरपूर असू शकतं, आणि निव्वळ झेंडूच्या अर्काने रंगवलेल्या बलकात बेताचंच. मावशीच्या आषाढातल्या अंड्याचं मोल त्याच्या रंगापेक्षा त्या रंगासोबत आलेल्या पाल्यात, किड्यांत आणि उघड्यावरच्या उन्हात आहे. ऊन याचसाठी म्हणते, की कोंबडीच्या कातडीत, विशेषतः पायांच्या उघड्या कातडीत, सूर्यप्रकाशाने ड जीवनसत्त्व तयार होतं आणि ते बलकात उतरतं. बाहेर फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत ते बंदिस्त कोंबड्यांपेक्षा जास्त असल्याचं मोजमापातून दिसलं आहे.

कवचाच्या रंगाचं काय? तो पूर्णपणे जातीवर, म्हणजे आनुवंशिकतेवर ठरतो. अंडं बाहेर येण्याच्या आधीच्या काही तासांत कवचावर तपकिरी रंगद्रव्य चढतं. ज्या जातीत ते चढत नाही, तिची अंडी पांढरी. तुम्ही मका घाला नाहीतर मोती घाला, पांढरं अंडं घालणारी कोंबडी तपकिरी घालणार नाही. कडकनाथचं मांस, हाडं, कातडी काळी असते, तरी तिचं अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. काळं अंडं म्हणून कोणी काही विकत असेल, तर घेऊ नका.

आता प्रथिनं. इथे कोंबडीच्या शरीराचा एक नियम आहे, जो मला सगळ्यात विलक्षण वाटतो. खाण्यात प्रथिनं कमी पडली, तर कोंबडी हलक्या दर्जाचं अंडं घालत नाही. कमी अंडी घालते. फार तर आकार थोडा लहान होतो. पण जे अंडं येतं, त्यातल्या पांढऱ्याची घडण जवळपास तीच राहते. अंडं हे मुळात आपल्यासाठी नाही, पिल्लासाठी आहे. २१ दिवस बाहेरून अन्नपाणी न घेता एक पूर्ण जीव उभा राहील एवढी शिदोरी त्यात असावीच लागते. ती जमत नसेल, तर कोंबडी शिदोरी बांधायचीच थांबते. कोलेस्टेरॉलचंही तसंच. एका अंड्यात ते साधारण १८० ते २०० मिलिग्रॅम असतं आणि खाद्य बदलून त्यात फारसा फरक पडत नाही, कारण पिल्लाच्या वाढीला ते लागतं.

म्हणून "कोंबड्या अंडी देत नाहीत" ही तक्रार आली, की मी आधी विचारते, नुसते दाणे घालता का? ज्वारी, तांदूळ, मका यांत पिष्ट भरपूर, पण लायसिन आणि मेथिओनिन ही दोन अमिनो आम्लं तोकडी. मेथिओनिन पिसांनाही लागतं आणि अंड्यालाही. कोंबडी दाणे पोटभर खाते, अंगावर चरबी चढवते आणि अंडं मात्र आठवड्यातून एखादंच देते. गाव सोडून शहराच्या कडेला बंगल्यात कोंबड्या पाळणाऱ्यांकडे हे हटकून दिसतं. माया म्हणून मूठ-मूठ तांदूळ टाकत राहतात, आणि स्वच्छतेच्या हौसेने उकिरडा नाहीसा केलेला असतो. जुन्या घरात उकिरडा होता, गोठा होता, लाकडांची रास होती. तिथे कोंबडी उकरून गांडुळं, अळ्या, वाळवी खायची आणि दाण्यातली उणीव स्वतः भरून काढायची. वनस्पतींत नसलेलं बी १२ जीवनसत्त्वही तिला या किड्यांतून आणि शेणातून मिळायचं. आपल्याकडे खेड्यांत वाळवी मुद्दाम जमवायची रीत आहे: मडक्यात ओलसर शेण, काडीकचरा भरून ते वारुळाजवळ उपडं ठेवायचं, सकाळी उचलायचं आणि आतली वाळवी पिल्लांपुढे झटकायची. पिल्लांच्या पहिल्या महिन्याला यापेक्षा चांगलं आणि फुकट खाद्य मला माहीत नाही.

अर्थात खाण्याने सगळं साधतं असंही नाही. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. मध्येच खुडूक होते, अंड्यांवर बसते, पिल्लं काढते, त्यांना वागवते. हा तिचा स्वभाव आहे, दोष नाही. हैदराबादच्या राजेंद्रनगर इथल्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया या जाती याच्या दुप्पट-तिप्पट अंडी देऊ शकतात. पण त्यांना उकिरड्यावर सोडून दिलं, तर तेवढी देत नाहीत. जास्त अंड्यांची जात आणली, की खाद्याचा खर्चही आणावा लागतो. दिवसाच्या लांबीचाही भाग आहेच. कोंबडीला अंड्यावर राहायला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो, आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. त्या दिवसांत पिसं झडलेली कोंबडी अंडी देत नसेल, तर तिच्यापुढे पेंडीचा ढीग ओतू नका. तिला पिसं भरू द्या.

कोंबडीच्या खाण्याने माणसांचं वैद्यकशास्त्रही एकदा बदललं आहे. तेव्हाचं बटाविया, म्हणजे आजचं जकार्ता. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान तिथे बेरीबेरीचा अभ्यास करत होते. या आजारात माणसाचे पाय लुळे पडत, हृदय थकत जाई. १८९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांनाच तसा आजार झाला. त्या लंगडू लागल्या, कोसळू लागल्या आणि काही महिन्यांनी, कारण न कळता, बऱ्याही झाल्या. शोध घेतल्यावर कळलं, की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, सडीच्या पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता. मग स्वयंपाकी बदलला. नव्याने सांगितलं, सैनिकांचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना देणार नाही. कोंबड्या पुन्हा बिनसडीच्या तांदळावर आल्या आणि उठून उभ्या राहिल्या. तांदूळ सडताना कोंड्याबरोबर जे निघून जात होतं, त्याला आज आपण बी १ जीवनसत्त्व किंवा थायमिन म्हणतो. आइकमान यांना १९२९ साली नोबेल मिळालं.

गिरणीतून येताना कोंड्याची पिशवी टाकून देणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगते. कोंडा कोंबडीचाच आहे. फक्त तो ताजा हवा. त्यात तेल असतं, महिनाभर पडून राहिला की खवट होतो.

पिल्लं काढायची असतील, तर जीवनसत्त्वांकडे आणखी लक्ष लागतं. खाण्यात बी २ कमी असलं, तरी कोंबडी अंडी देत राहते, आपण ती खात राहतो आणि आपल्याला काही जाणवत नाही. पण तीच अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली, तर बरीच पिल्लं आतच मरतात किंवा बोटं आत वळलेली निघतात. दोष अंडी ठेवल्या दिवशीचा नसतो, त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांच्या खाण्याचा असतो. अंडी बसवायची ठरवली, की आधीच पाला, कोंडा, थोडी सुकट सुरू करावी.

सगळ्यात जास्त चुका मी कवचाच्या बाबतीत पाहिल्या आहेत. कवच म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, खडूचंच द्रव्य. मध्यम आकाराच्या अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. हा आकडा लहान वाटतो, पण कोंबडीच्या सगळ्या शरीरात मिळून कॅल्शियम साधारण २० ग्रॅम. प्रत्येक अंड्यामागे ती आपल्या अंगातला दहावा हिस्सा बाहेर टाकते. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम २५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. हिशेब करा: नुसत्या ज्वारीतून एका कवचाचं कॅल्शियम मिळवायला ८ किलो ज्वारी लागेल, आणि कोंबडी दिवसाला खाते १०० ग्रॅम. नाचणी धान्यांत सगळ्यात श्रीमंत, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात. तिनेही भागत नाही. दाण्याने कवच होत नाही, म्हणून वेगळं काहीतरी द्यावंच लागतं.

कोकणात ते घरातच असतं. तिसऱ्यांचं कालवण झालं, की उरलेल्या शिंपल्या मावशी चुलीत भाजते, पाट्यावर जाडसर ठेचते आणि खुराड्याजवळच्या करवंटीत भरून ठेवते. जाडसर हा शब्द महत्त्वाचा. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले १८ ते २० तास एकट्या कवचाला जातात, आणि या कामाचा मोठा भाग रात्री होतो. रात्री कोंबडी झोपलेली असते, काही खात नाही. बारीक पूड दिली, तर ती संध्याकाळपर्यंत पोटातून निघून जाते. शिंपल्याचा जाड तुकडा मात्र पेठ्यात, म्हणजे खाटकाकडे कलेजीबरोबर मिळणाऱ्या त्या जाड स्नायूच्या पिशवीत, अडकून राहतो आणि रात्रभर थोडाथोडा विरघळतो. कवचाच्या कामाला लागेल तसं कॅल्शियम मिळत राहतं. जे कमी पडतं, ते कोंबडी हाडांतून काढते. अंड्यावर येताना तलंगेच्या, म्हणजे तरुण कोंबडीच्या, लांब हाडांच्या पोकळीत याच कामासाठी एक खास, लवकर विरघळणारं हाड तयार होतं. पण त्या ठेवीतून रोज काढत राहिलं आणि भरणा केला नाही, तर एके दिवशी कोंबडी पायावर उभी राहत नाही.

शिंपल्या नसतील, तर अंड्यांची टरफलं धुवून, तव्यावर कडक भाजून, हाताने चुरून द्या. भाजण्याचं कारण जंतू मारणं. चुरण्याचं कारण हे, की टरफल अंड्याच्या आकारात दिसलं, तर कोंबडीला अंडी फोडून खायची खोड लागू शकते, आणि ती सुटायला कठीण. घाटावर शिंपल्याचा चुरा कोंबडी-खाद्याच्या दुकानात मिळतो. तो दाण्यात मिसळू नये, वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला गरज असते, ती संध्याकाळी जाऊन बरोबर तेवढा टिपते. कोंबड्याला नको असतो, तो शिवत नाही. लहान पिल्लांना अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य देऊ नका. त्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं, तेवढं पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही, आणि मूत्रपिंडं निकामी होत जातात. अंड्यावर यायच्या दोन आठवडे आधी ते खाद्य सुरू केलं तरी पुरतं.

हे सगळं करूनही एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे पातळ कवचाची अंडी येतात. इथे खाद्याचा दोष नसतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकून अंग थंड करते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. कवचाचा अर्धा घटक, कार्बोनेट, त्याच कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. मग शिंपल्यांचा ढीग पुढे असला तरी कवच भरत नाही. उपाय आहे तो सावली आणि पाण्याचा. अंड्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पाणी असतं, आणि कोंबडी खाते त्याच्या दुप्पट पाणी पिते. उन्हाळ्यात त्याहून कितीतरी जास्त. मातीच्या पसरट भांड्यात, दिवसातून तीनदा बदललेलं पाणी. दुपारी दाणे घालू नका, पचताना अंगात उष्णता वाढते. पहाटे आणि दिवस कलल्यावर घाला.

बलकातल्या चरबीवर खाद्याचा फार परिणाम होतो. जवस घातलं, तर ओमेगा-३ मेदाम्लं बलकात उतरतात. दुकानात महाग मिळणाऱ्या 'ओमेगा' अंड्यांमागे बहुतेक वेळा जवसच असतं. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी घरोघरी होते, तिच्यासाठी आणलेल्या जवसातलं मूठभर भाजून कोंबड्यांना द्यायला हरकत नाही. मात्र दाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी ठेवा, नाहीतर अंड्याला माशासारखा वास येऊ लागतो. हा वास सुकटीचा भुगा जास्त झाला तरी येतो. त्यातही एक गंमत आहे: सारखंच खाऊनही सगळ्या कोंबड्यांच्या अंड्यांना तो येत नाही. वासाचं मूळ असलेलं ट्रायमिथिलअमाइन बहुतेक कोंबड्यांचं यकृत मोडून टाकतं, पण काही तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांमध्ये जनुकातल्या दोषामुळे ते काम होत नाही आणि वास थेट बलकात जातो. दहा अंड्यांत एकच वासाचं निघालं, तर खाद्याबरोबर कोंबडीही ओळखून काढावी.

सरकीच्या पेंडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कापसाच्या पट्ट्यात म्हशीच्या घमेल्यातली पेंड कोंबड्या सर्रास खातात. मग काही आठवडे साठवलेली अंडी फोडली, की कोणाचा बलक हिरवट-तपकिरी, कोणाचं पांढरं गुलाबी. घरात लगेच करणीची चर्चा सुरू होते. यात करणी काही नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. ते बलकात जाऊन तिथल्या लोहाशी जुळतं आणि हिरवट रंग देतं. सरकीच्या तेलात आणखी काही खास मेदाम्लं असतात, ती बलकाभोवतीचा पडदा सच्छिद्र करतात. त्यातून लोह पांढऱ्यात झिरपतं आणि तिथल्या प्रथिनाशी जुळून गुलाबी छटा येते. ही अंडी टाकावी लागतात, आणि गॉसिपॉल कोंबडीलाही चांगलं नाही. म्हशीची घमेली कोंबड्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

भुईमुगाच्या पेंडीला धोका वेगळा, बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. कारण निघालं ब्राझीलहून आलेली, बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड, आणि त्या तपासातून अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. ते यकृत नासवतं, आणि त्याचा अंश अंड्यातही येऊ शकतो. आपल्या पावसाळ्यात पेंडीची आणि मक्याची पोती जमिनीला टेकून ठेवली, की ही बुरशी आलीच. "माणसांना नको, कोंबड्यांना घाला" म्हणून बुरसलेले शेंगदाणे आणि पाव परसात फेकायची सवय मोडली पाहिजे. तेच शेवटी अंड्यातून ताटात येतं. कच्चं सोयाबीनही देऊ नये, त्यात प्रथिनांचं पचन अडवणारं द्रव्य असतं. भाजलं किंवा उकडलं की ते जातं. हिरवी पडलेली बटाट्याची सालं, खारवलेले पदार्थ, पेरणीसाठी औषध चोळलेलं बियाणं, यांतलं काहीही खुराड्याच्या जवळ नको.

आणि मातीचंही पाहा. कोंबडी माती टिपते, म्हणून मातीत असेल ते अंड्यात येतं. न्यूयॉर्कमधल्या सामुदायिक बागांत पाळलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांत शिसं सापडलं, आणि जिथे मातीत शिसं जास्त तिथल्या अंड्यांत ते जास्त होतं. जुन्या रंगाचे पोपडे पडलेली भिंत, बॅटऱ्यांचा कचरा, प्लॅस्टिक जाळायची जागा, अशा ठिकाणी कोंबड्या सोडू नका. प्लॅस्टिक जळताना निघणारी डायऑक्सिन राखेत, मातीत उतरतात आणि चरबीत साठतात. बलकात चरबीच तर असते. परसातलं अंडं घरचं म्हणून आपोआप शुद्ध होत नाही. परस शुद्ध ठेवावं लागतं.

माझ्या कोंबड्यांना मी घालते ते असं. मका, ज्वारी आणि कणी मिळून सहा वाट्या, सोयाबीनची ताजी पेंड दोन वाट्या, कोंडा एक वाटी, कधी भाजलेलं जवस अर्धी वाटी. दिवसभर मोकळ्या असतात, तेव्हा यातलं कोंबडीमागे मूठभर, साधारण ४० ग्रॅम, संध्याकाळी. पावसात चार दिवस कोंडून ठेवल्या, तर १०० ग्रॅमपर्यंत. शेवग्याचा पाला, मेथी-शेपूचे देठ, लसूणघास जुडी बांधून त्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगते. जमिनीवर टाकलेला पाला तुडवला जातो. शिंपल्यांची करवंटी कायम भरलेली. बाजूला थोडी जाड वाळू, कारण दात नसलेल्या पक्ष्याचं दळण पेठ्यातल्या खड्यांवरच चालतं.

२०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाख भरली, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त. त्यांतल्या बहुतेकींची देखभाल घरातल्या बायका करतात, आणि खाद्याविषयीची माहिती त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचते. तुमच्या परसात कोंबड्या असतील, तर आज एक अंडं फोडून बलकाचा रंग नीट पाहून ठेवा, कवच बोटांत दाबून पाहा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. उद्यापासून पाल्याची जुडी आणि शिंपल्यांची करवंटी सुरू करा. पंधराव्या दिवशी पुन्हा एक अंडं फोडा.